तेच आहे, कंपनी वेगळी

डॉक्टर गाव सोडून जातो. मुलं पुण्याला शिकायला गेली, बायकोला इथलं पाणी मानवेना, नाहीतर बीडला स्वतःचं हॉस्पिटल झालं. काहीतरी कारण निघतंच. कंपाउंडर कुठं जात नाही. आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात डॉक्टर बदलले, पाट्या बदलल्या, रस्ता रुंद झाला तेव्हा दवाखाना मागं सरकला, पण औषधाच्या खिडकीतला माणूस तोच राहिला. बप्पा. बीडकडं घरटी एक तरी बप्पा असतो, त्यामुळं खरं नाव सांगूनही फार उजेड पडणार नाही. चौकात नुसतं 'बप्पा' म्हटलं की लोक अजून त्या खिडकीकडं बघतात. खिडकी बंद होऊन तिथं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं, तरीही.

मांजरसुंबा ही राहायची जागा कमी आणि थांबायची जास्त. धुळे-सोलापूर महामार्ग आणि नगरहून पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईकडं जाणारा रस्ता इथं एकमेकांना छेदतात. म्हणजे सगळा महाराष्ट्र मांजरसुंब्याला येऊन गेलाय, पण जेवणापुरता. ट्रॅव्हल्स थांबते, शेवभाजी होते, क्लीनर पत्र्यावर थाप मारतो, गाडी सुटते. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीचे ट्रक पश्चिमेकडं जातात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सीताफळांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पाट्या लागतात. कार्तिकात कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेची गर्दी. या सगळ्या जाणाऱ्या-येणाऱ्यांत कुणाला घाट लागलेला असतो, कुणाला ढाब्यावरचं तिखट. त्यांच्यासाठी बप्पांची खिडकी होती.

त्या खिडकीतून बप्पांनी उभ्या हयातीत जे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा उच्चारलं, ते असं : "त्येच हाय, कंपनी येगळी हाय."

चिठ्ठीवर लिहिलेली गोळी कधीच नसायची. असायची ती तिची चुलत बहीण. पेशंट पाकीट उलटंसुलटं करून म्हणायचा, "पुन्याच्या डॉक्टरनं दिलेली तर पिवळी व्हती. ही गुलाबी कामून?" बप्पा चष्म्याच्या वरून बघायचे आणि वाक्य टाकायचे. त्यात अशी काही खात्री असायची की निम्मा आजार तिथंच उतरायचा. पुढं पुढं हे वाक्य औषधांच्या बाहेर गेलं. पुतणीला स्थळ लातूरचं बघितलं होतं, ठरलं परभणीचं. बप्पा मांडवात म्हणाले, "त्येच हाय, कंपनी येगळी हाय." आमदारकीच्या उमेदवारानं अर्ज भरायच्या आदल्या रात्री पक्ष बदलला, तेव्हा सगळा चौक चक्रावला. बप्पांना काहीच वाटलं नाही. त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि पान लावलं.

पण हे औषध लोकांसाठी. स्वतःला मात्र तेच पाहिजे आणि कंपनीही तीच पाहिजे. चहात आल्याच्या जागी सुंठ पडली तर कप परत. दाढीचं ब्लेड ठरलेल्या नावाचं मिळालं नाही म्हणून ते एकदा दाढी वाढवून पुतण्याच्या साखरपुड्यात बसले होते. जगाला पर्यायी माल देणारा आणि स्वतः अस्सलासाठी अडून बसणारा, असा हा माणूस. आपल्याकडं ही जात दुर्मीळ नाही. तूप विकणारा घरचं तूप खातो आणि क्लासवाले सर स्वतःच्या मुलाला दुसऱ्याच्या क्लासला घालतात. फक्त बप्पांचं एकदा असं प्रकरण झालं की अख्ख्या चौकाला त्यात भाग घ्यावा लागला.

नातू पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. घरी सांगताना त्यातला 'मॅनेजमेंट' एवढाच शब्द वापरतात. दिवाळीला आला तेव्हा बप्पांनी सहज विचारलं, "प्रॅक्टिकलला काय आलतं?"

"पिस्को सावर, बप्पा."

"मंजी काय आस्तंय?"

पोरगं सांगत गेलं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातलं कॉकटेल. पिस्को म्हणजे द्राक्षाची ब्रँडी, ती 60 मिली. लिंबाचा रस 30. साखरेचा पाक 20. एका अंड्यातलं पांढरं. आधी बर्फाशिवाय हलवायचं, मग बर्फ घालून हलवायचं, गाळून ग्लासात ओतायचं. वर फेस आला की त्यावर कडू अर्काचे तीन थेंब.

बप्पा ताठ बसले. "लका, ह्ये कॉकटेल कुठलं? ह्ये तर मिक्श्चर हाय!"

आणि ते खरंच होतं. बप्पा गोळ्यांच्या आधीच्या काळात या धंद्यात आले. तेव्हा दवाखान्यात पांढरं मिक्श्चर आणि लाल मिक्श्चर असे दोन मोठे बुधले असायचे. कंपाउंडर औंसाच्या ग्लासानं मापून बाटली भरायचा, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. वर लेबल असायचं, 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा'. साठ मिली म्हणजे दोन औंस, तीस म्हणजे एक. मूळ औषध, ते पोटात उतरावं म्हणून गोड, जीभ जागी राहावी म्हणून आंबट आणि शेवटी कडू. बप्पांना ही भाषा पाठ होती. त्यांनी नातवाकडून ते सगळं एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, खाली तारीख टाकून घेतली आणि माळ्यावरून औंसाचा ग्लास काढला.

दुसऱ्या दिवशी टपरीवर बातमी : बप्पा पेरूची दारू काढायलेत. एकानं विचारलं, "गावरान पेरूची का सरदारची?" त्याला बप्पांनी नातवाच्या मोबाईलवर दक्षिण अमेरिकेचा नकाशा दाखवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानं पिणाऱ्याला परवाना लागतो. हे पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते बोलत नाहीत. बप्पांकडं आजन्म परवाना आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात, रेशनकार्डाच्या शेजारी. पिणं वर्षातून दोनदा, तेही थंडीत, तेही चमचाभर. पण परवाना पूर्ण वेळ. चौकातले नेमाने पिणारे त्या परवान्याकडं इतक्या आदरानं बघतात की एकानं तो भाड्यानं मिळेल का असंही विचारलं होतं.

बप्पांनी आधी पिस्को सावरचा इतिहास पक्का केला. औषध द्यायच्या आधी ते कुणी काढलं हे कळलं पाहिजे, असं त्यांचं मत. नातवानं फोनवरून सांगितलं की व्हिक्टर मॉरिस नावाचा अमेरिकन माणूस रेल्वे कंपनीच्या नोकरीवर पेरूत आला. पुढं 1916 साली त्यानं राजधानी लिमामध्ये बार काढला. तिथं हे पेय नावारूपाला आलं. अंड्याचा फेस आणि कडू थेंब यांचं श्रेय मारिओ ब्रुइगेट या त्याच्या पेरूच्याच कामगाराला देतात. बार 1929 पर्यंत चालला, त्याच वर्षी मॉरिस वारला. रेल्वेचा माणूस बार काढतो, याचं बप्पांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, आपल्याकडं रेल्वेच्या कामावर आला असता तर बार काढून, चालवून, बंद करूनही त्याच्यापाशी वेळ उरला असता. नगर-बीड-परळी मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीडला गाडी आली 17 सप्टेंबर 2025 ला. मॉरिसच्या आख्ख्या बारपेक्षा हा काळ दुपटीहून जास्त.

या श्रेयालाही भांडणं आहेत. लिमामध्येच 1903 साली छापलेल्या एका पाकपुस्तकात पिस्को, लिंबू, साखर आणि अंड्याचं पांढरं यांचं असंच पेय सापडलंय. हे ऐकून काकू पहिल्यांदा बोलल्या. काकू म्हणजे बप्पांची मंडळी, गळ्यात तुळशीची माळ. "मंजी कुन्या तरी बाईनं सैपाकघरात केलं आसन आन नाव त्या बारवाल्याचं झालं." पाकपुस्तक कुणी लिहिलं होतं ते काकूंना ठाऊक नव्हतं, पण मुद्दा त्यांनी सोडला नाही.

मग बप्पा काळी-पिवळीत बसून घाट उतरले आणि बीडला परवानाधारक दुकानात जाऊन त्यांनी चिठ्ठी पुढं केली. हो, चिठ्ठीच. दुकानदारानं ती लांब धरून वाचली. "पिस्को? ह्ये नाय ठिवत आमी." मागच्या फळीवरून ब्रँडीची बाटली काढून त्यानं काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "बप्पा, ही घ्या. त्येच हाय, कंपनी येगळी हाय."

चार दशकं जे दिलं ते त्या दिवशी बप्पांना परत मिळालं. ते इतके गप्प झाले की दुकानदाराला वाटलं, चक्कर आली.

पण कंपाउंडर तो कंपाउंडर. त्यांनी बाटली हातात घेतली आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागले. तिथं त्यांना जे कळलं ते महाराष्ट्रातल्या कितीतरी पिणाऱ्यांना कळलेलं नसतं. पुढच्या बाजूला द्राक्षाचे घोस असतात, पण आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत मुख्य मद्यार्क बहुधा मळीचा, म्हणजे उसाचा असतो. द्राक्षाचा अर्क असला तर जोडीला. व्हिस्की घ्या, रम घ्या, ब्रँडी घ्या, शेवटी पुष्कळांचं मूळ साखर कारखान्याच्या मागच्या दारी. आपल्या बीड जिल्ह्यातले लोक कोयता घेऊन सहा-सहा महिने जो ऊस तोडतात, तोच रंग बदलून, लेबल बदलून फळीवर उभा. बप्पा नंतर म्हणाले, "आपलेच लोक हायत रं समदे बाटलीत." ते हसत नव्हते.

अस्सल पिस्कोचं प्रकरणच वेगळं. नुसती द्राक्षं, त्यांचा आंबवलेला रस आणि तांब्याची भट्टी. पेरूचा नियम कडक आहे : एकदाच ऊर्ध्वपातन करायचं, हव्या त्या तीव्रतेला थांबायचं, नंतर पाणी घालून पातळ करायचं नाही आणि लाकडी पिंपात ठेवायचं नाही. किमान तीन महिने निवू द्यायचं, तेही रंग-वास न देणाऱ्या भांड्यात. म्हणून ती पाण्यासारखी पांढरी. बप्पांनी हे टपरीवर समजावलं तेव्हा एका जाणकारानं अर्ध्या मिनिटात निकाल दिला : "पहिल्या धारेची मना की!" याहून नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

महाराष्ट्रात ब्रँडीची कमतरता आहे असं मुळीच नाही. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ब्रँडी दक्षिणेतल्या राज्यांत गाड्या भरभरून जाते. तो उद्योगही 1933 साली साखर कारखाना म्हणूनच सुरू झाला होता. पण मराठी माणसानं ब्रँडीला पेय मानलंच नाही. तिला त्यानं औषध केलं. व्हिस्की घरात आली तर भांडण होतं, रम आली तर सासूबाई माहेरी जातात. पण ब्रँडीची छोटी बाटली देवघराच्या शेजारच्या कपाटात वर्षानुवर्षं उभी असते. सर्दी झालेल्या पोराच्या छातीला चोळायला, बाळंतिणीला चमचाभर, म्हाताऱ्यांना थंडीत. चौकातल्या किती माळकऱ्यांच्या घरी ती आहे, हे बप्पांना तोंडपाठ आहे, त्यांनीच दिलेली.

तेव्हा ब्रँडी मिळाली, रुसवा धरून का होईना बप्पांनी ती घेतली. पण 'कंपनी वेगळी' ही बोच राहिली. ती थोडी कमी झाली ती कोर्टामुळं. पिस्को आमचीच, असं पेरू म्हणतो; आमचीही, असं चिली म्हणतं. चिलीनं तर 1936 साली एका गावाचं नाव बदलून पिस्को एल्की करून टाकलं. हे भांडण फिरत फिरत आपल्या देशात आलं. पेरूनं 2005 साली भारतात पिस्कोच्या भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला, चिलीनं हरकत घेतली, आणि जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला की नुसतं 'पिस्को' हे नाव एकट्या पेरूला देता येणार नाही. मानांकन 'पेरूव्हियन पिस्को' असं राहील. बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे, त्यामुळं हा विषय आमच्याकडं अगदीच परका नाही. बप्पांनी बातमी दोनदा वाचून घेतली आणि विचारलं, "मंजी हायकोर्ट काय मनलं?" नातू म्हणाला, "दोन्ही पिस्कोच, बप्पा. देश वेगळा." बप्पांनी फोन ठेवला आणि समाधानानं मान हलवली. न्यायमूर्तींनी त्यांचं वाक्य वापरलं नव्हतं, पण अर्थ तोच होता.

लिंबाचं मात्र भलतंच झालं. बप्पांना वाटलं, परदेशी कृतीला परदेशी लिंबू लागणार. जाड सालीचं, पिवळं, पुण्याच्या मॉलमधलं. त्यासाठी त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरांना सांगून ठेवलं. एक जण घेऊनही आला. तोवर नातवाचा निरोप : ते नको. पेरूत या पेयाला लागतं ते बारीक, पातळ सालीचं, झणझणीत आंबट लिंबू, म्हणजे वनस्पतिशास्त्रात जे आपलं कागदी लिंबू तेच. आशियातून अरबांबरोबर स्पेनला गेलं, स्पॅनिश लोकांबरोबर पेरूला. म्हणजे सगळ्या चिठ्ठीत जी एक वस्तू अस्सल आणि कंपनीही तीच, ती बप्पांच्या परसात संडासाच्या टाकीशेजारी लगडलेली होती. बप्पांना याचा आनंद व्हायला हवा होता. ते थोडे नाराजच झाले. फुकटच्या वस्तूला अस्सल म्हणणं त्यांना जड जात होतं.

पाकाला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. काकूंनी विचारलं, "एकतारी का दोनतारी?" बप्पा म्हणाले, फार्माकोपियात लिहिलंय तसा. औषधी सिरपमध्ये वजनानं दोन तृतीयांश साखर असते, आणि कॉकटेलवाले साखर-पाणी निम्मं-निम्मं घेतात. बप्पांनी अर्थात आपलं शास्त्र वापरलं. पहिल्या प्रयोगाला निवृत्त गुरुजी आणि टायरवाले अण्णा असे दोघे साक्षीदार होते. गुरुजींनी घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "बप्पा, हे जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर?"

आता अंडं. खरी लढाई इथं झाली.

ब्रँडी कपाटात आली, काकू काही बोलल्या नाहीत. लिंबू-साखर तर घरचीच. पण बप्पा खिशातून अंडं काढून ओट्यावर ठेवायला आणि काकू देवपूजा आटोपून यायला एकच गाठ पडली. घरात अंडं येणार नाही, आलंच तर त्या कपिलधारला जाऊन राहतील, आणि येताना ओटा नवा बांधून लागेल. बप्पा म्हणाले, "दारू चालती अन् अंडं चालत न्हाई, ह्ये कुटलं शास्तर?" काकू म्हणाल्या, "त्ये औशद हाय." बप्पांनीच तीस वर्षांपूर्वी हे त्यांना पटवलेलं होतं. आपल्याच औषधाचा असा अपाय होईल, असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

"फेसच पायजे ना? मंग रिठा घाला," काकूंनी वर सुचवलं.

अंडं टायरच्या दुकानात ठेवायचं, तिथं फोडायचं, पांढरं तेवढं वाटीत घेऊन मागच्या दारानं यायचं, अशीही एक योजना झाली. ती वाटी घेऊन येताना बप्पांना वाटेत तिघांनी 'काय बप्पा, काय न्यायलात?' असं विचारलं. चौथ्यानं विचारण्याआधी त्यांनी ती कुत्र्यापुढं ओतली.

सुटका पोळ्याला झाली. नातवानं सांगितलं की अंडं न खाणाऱ्यांसाठी बारवाले हल्ली हरभरा शिजवलेलं पाणी वापरतात. 2014 च्या सुमारास एका फ्रेंच माणसाच्या ध्यानात आलं की ते घुसळलं तर अंड्यासारखा पांढरा फेस येतो; त्यातली प्रथिनं आणि सॅपोनिनं फेस धरून ठेवतात. सॅपोनिन म्हणजे रिठ्यात असतं तेच. म्हणजे काकू चुकल्या नव्हत्या, त्यांनी फक्त चुकीचं झाड सांगितलं होतं. साधारण दोन मोठे चमचे पाणी एका अंड्याच्या पांढऱ्याच्या बरोबरीचं. बप्पा वाचून थबकले. हरभऱ्याचं पाणी! पुरणाची डाळ शिजवून आपण जे काढतो आणि कटाच्या आमटीत घालतो ते येळवणी! इतकी वर्षं ते आमटीत जात होतं.

काकूंनी वाटीभर येळवणी द्यायचं कबूल केलं, पण आमटी पातळ होऊ देणार नाही, या अटीवर. पहिल्या वेळी फेस पिवळाधमक आला. डाळीत हळद होती. पुढच्या सणाला बप्पांनी विनंती केली की थोडी डाळ बिनहळदीची, बिनमिठाची शिजवावी. काकू पळी हातात धरून म्हणाल्या, "बिनहळदीचं कामून? कुनाचं सुतक हाय का घरात?" शेवटी पाणी हळद टाकायच्या आधी काढलं, आटवलं आणि माठाच्या बुडाशी गार केलं.

हलवण्यात बप्पांचा हात कुणी धरणार नाही. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' हे लेबल हजारो बाटल्यांवर चिकटवलेला माणूस. पण मिक्श्चरची जुनी बाटली दुसऱ्याच झटक्यात बूच उडवून मोकळी झाली आणि छतावर अजून डाग आहे. मग पुतण्याचा जिमचा डबा घेतला. त्याला चॉकलेटचा वास. नातू म्हणाला, पेरूत कितीतरी घरांत सरळ मिक्सर वापरतात. हे ऐकून बप्पा खट्टू झाले, कारण अस्सल लोक असं अस्सलपणा सोडून वागतात हे त्यांना सहन होईना. आणि काकूंनी तर मिक्सरवर हात ठेवून सांगितलं की चटणीच्या भांड्यात औशद फिरणार नाही. शेवटी ताकाची रवी आली. खोल पातेल्यात बप्पा दोन्ही हातांनी दोरी ओढत बसले. आधी बर्फाशिवाय, मग बर्फ घालून. बर्फ रसवंतीतला. चहाच्या गाळणीनं गाळलं. फेस उभा राहिला, बोटभर, पांढराशुभ्र. टायरवाले अण्णा म्हणाले, "खरंच दिसतंय की."

राहिले तीन कडू थेंब. ते अँगोस्तुरा नावाचं द्रव्य बीडला मिळणं शक्य नव्हतं. पण बप्पांनी त्याची कुंडली काढली आणि त्यांचा चेहरा उजळला. 1824 साली व्हेनेझुएलात सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं पोटाच्या तक्रारींसाठी ते काढलं. हा तिथल्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बोलिव्हारच्या फौजेचा डॉक्टर. त्यात जेन्शियन नावाचं कडू मूळ असतं. आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. बप्पांनी तापाला देतात तसा काढा केला, कानात थेंब टाकायच्या कोऱ्या ड्रॉपरमध्ये भरला आणि फेसावर तीन थेंब सोडले. मोजून. चौथा पडला असता तर त्यांनी ग्लास ओतून दिला असता.

मळीची ब्रँडी, परसातलं लिंबू, फार्माकोपियाचा पाक (आता निम्म्या मापानं), पुरणाचं येळवणी, काडेचिराईत. चिठ्ठीतल्या पाच वस्तूंपैकी एकच जशीच्या तशी. गुरुजींनी चाखलं, परत चाखलं. अण्णांनी ग्लास रिकामा करून पुढं केला. मीही घेतलं. आंबट आधी लागतं, मग गोड, मग घशात ब्रँडीची ऊब, आणि कडू सगळं आवरून निघालेल्या पाहुण्यासारखं दारात थांबतं. छान होतं. पेरूत कसं लागतं ते विचारायला त्या वेळी चौकात कुणी पेरूचा माणूस थांबलेला नव्हता.

बप्पांनी स्वतः औंसाच्या ग्लासात घेतलं, चमच्यानं प्यालं, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते वाक्य येणार, अशी सगळ्यांची खात्री होती. पण ते आलं स्वयंपाकघराच्या दारातून. काकूंनी कटाच्या आमटीची वाटी बप्पांच्या पुढ्यात ठेवली, ग्लासाकडं हनुवटीनं खूण केली आणि म्हणाल्या, "त्येच हाय. कंपनी येगळी हाय."

बप्पांनी आमटी घेतली.

आता सणासुदीला, पुरण शिजलं की, काकू विचारतात, "येळवणी ठिवू का औशदाला?" इतपत मान्यता मिळालेली आहे. नातू पास झाला. प्रॅक्टिकलला त्यानं अंडंच वापरलं, हे घरी अजून कुणाला माहीत नाही. पेरूत दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पिस्को सावरचा राष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशी बप्पांना कुणी आग्रह करू नये. त्यांचा शनिवार मारुतीचा असतो आणि त्या बाबतीत कंपनी बदलत नाही.